सूर्यास्ताआधीची गोळी

१

कोर्टाकडून आलेल्या पेशंटना आमच्या दवाखान्यात 'तारखेचे पेशंट' म्हणतात. बाकीच्यांना गुण आला नाही तर ते डॉक्टर बदलतात. तारखेच्या पेशंटला ती सोय नसते. त्याला मीच बघायचं, मीच औषध द्यायचं आणि तो घरी राहण्यालायक आहे की नाही हे कोर्टाला मीच कळवायचं. दर गुरुवारी मी पुण्याहून मंचरला येते. हायवेला लागून एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, तिथली मागची खोली मला दिलेली आहे. कांद्याचे ट्रक गेले की खिडकीची तावदानं थरथरतात आणि पेशंटच्या बोलण्यातला एखादा शब्द वाहून जातो. मी तो पुन्हा विचारत नाही. महत्त्वाचं असेल तर माणूस पुन्हा सांगतोच.

संयम हा असाच एक तारखेचा पेशंट. आळे गावचा. काही पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन इथलेच झालेल्या जैन व्यापारी घरातला धाकटा मुलगा. वडील दलीचंद यांचं धान्याचं आणि पेंडीचं दुकान, दुकानामागेच घर. सगळा मुलूख कांदा-बटाट्यावर जगतो आणि हे घर कांदा-बटाट्याला शिवत नाही, यावरून आळेफाट्यावर त्यांची थट्टा होते. ती थट्टाही आता इतकी जुनी झाली आहे की तिला कुणी हसत नाही.

कॉलेज संपवून दुकानात बसायला लागल्यावर संयमला वाटू लागलं, की आपला थोरला भाऊ पारस हा पारस नाही. दिसतो तसाच, बोलतो तसाच, पण आत दुसरंच कोणीतरी बसलंय. हा आजार पुस्तकात आहे, त्याला नाव आहे, आणि असा एखादा पेशंट अधूनमधून माझ्याकडे येतोच. घरच्यांनी आधी देवदर्शनं केली, मग कुठूनतरी झोपेच्या गोळ्या आणल्या. एका दुपारी पारस वरच्या खोलीत झोपलेला असताना संयमने दुकानातलं दहा किलोचं लोखंडी वजन वर नेलं आणि त्याच्या डोक्यात घातलं. खाली येऊन तो आईला म्हणाला, "आता भैयाला शोधायला लागू." पारसची बायको रिंकू तेव्हा गरोदर होती.

आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. पण निर्दोष म्हणजे मोकळा नव्हे. काही वर्षं तो पुण्याला मनोरुग्णालयात राहिला. मग वडिलांच्या हमीवर घरी आला. औषध वडिलांच्या नजरेसमोर घ्यायचं आणि महिन्यातून एकदा माझ्याकडे यायचं, अशा अटी होत्या. येत्या उन्हाळ्यात त्या अटी काढून टाकायच्या की त्याला परत आत पाठवायचं हे ठरणार होतं, आणि ते माझ्या अहवालावर ठरणार होतं.

मला संयमची काळजी होती. पण त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. पारसच्या मागे जन्मलेली मुलगी त्याच घरात वाढत होती. तिचं नाव श्रेया, वय सात. जिच्या बापाला संयमने मारलं ती मुलगी त्याच्याबरोबर एका छपराखाली सुखरूप राहील का, एवढंच कोर्ट मला विचारत होतं. बाकी सगळी कायद्याची भाषा होती.

२

संयमला मी जी गोळी लिहून देत होते तिची एक खोड आहे. ती काम डोक्यात करते आणि तिची चुगली शरीर करतं. चेहरा थिजतो, हात थरथरतात, चाल आखडते, वजन वाढतं. म्हणून मी दर भेटीत पेशंटचं मनगट हातात घेऊन वाकवून बघते. गोळी अंगात मुरलेली असेल तर सांधा सरळ वाकत नाही, अडखळत अडखळत वाकतो.

संयमचं मनगट कधीच अडखळलं नाही. चेहरा हसरा, चाल मोकळी, अंगावर मूठभर मांस चढलेलं नाही. भ्रमाचा मागमूस नाही. बोलणं सरळ, झोप शांत, दुकानातला हिशोब चोख. मला आनंद व्हायला हवा होता आणि काही महिने तो झालाही. एखाद्याला औषध सोसतं, असं मी स्वतःला सांगितलं. डॉक्टरला चांगली बातमी कुणी दिली तर तो फार चौकशी करत नाही, हा आमच्या धंद्यातला अवगुण आहे.

शेजारच्या खुर्चीत बसणारे दलीचंद मात्र महिन्यागणिक आखडत चालले होते. चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. उजव्या हाताचा अंगठा बोटावर सारखा घासला जायचा. मला आधी वाटलं की ते मनात नवकार मंत्र मोजताहेत. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना कंपवात सांगितला होता. त्यांचं वय बघता त्यातही नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

मग एका गुरुवारी त्यांच्याबरोबर रिंकू आली. ती माझ्यासमोर बसली, पाण्याची बाटली उघडली, बंद केली, श्रेयाच्या शाळेबद्दल काहीतरी बोलली आणि उठली. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायका मी रोज बघते, त्यामुळे मी तिला रुपालीकडे पाठवलं. रुपाली आमची समुपदेशक, जवळच्या बोरी बुद्रुकची. जे डॉक्टरला सांगता येत नाही ते बायका तिला सांगतात.

रुपाली आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. रिंकूची पाळी बंद झाली होती आणि छातीतून दूध येत होतं. ब्लाउज भिजायचा म्हणून ती आत फडकं घालायची. नवरा जाऊन इतकी वर्षं झालेली बाई, घरात एक तरुण दीर, आणि गाव काय म्हणेल हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

"ती खोटं बोलत न्हाई, मॅडम," रुपाली म्हणाली. "लई घाबरलीय. मी तपासणी पण करून घेतली. तसलं काय बी नाय."

तसलं काही नव्हतं हे मला तपासणीशिवायही कळलं होतं. ही गोळी बाईने घेतली तर असंच होतं, पाळी थांबते आणि दूध येतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. आवारातल्या बाकावर तिघं बसली होती. दलीचंदांचा अंगठा बोटावर फिरत होता. रिंकू पदर घट्ट ओढून बसली होती. मधे संयम बसला होता, ताजातवाना, आणि जाणारे ट्रक बघत होता. ज्याच्या नावाने मी गोळी लिहीत होते तो सोडून बाकी सगळ्यांच्या अंगात ती बोलत होती.

३

पुढच्या आठवड्यात दवाखाना लवकर उरकून मी आणि रुपाली न सांगता आळ्याला गेलो. उन्हं कलली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि बिबट्याच्या धास्तीने माणसं उजेडीच घरी परतत होती. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत पेंडीचा जड गोडसर वास होता. त्या वासातून वाट काढत आम्ही मागच्या घरात गेलो.

घर जेवून उठत होतं. हे लोक दिवस मावळायच्या आत जेवतात आणि नंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणूनच झोपताना घ्यायची गोळी सूर्यास्ताआधी घेतली तर चालेल का असं त्यांनी मला सुरुवातीला विचारलं होतं, आणि चालेल असं मीच सांगितलं होतं. घड्याळ थोडं मागेपुढे झाल्याने या गोळीला फरक पडत नाही.

ताटं उचलली गेली. सगळे भिंतीला टेकून ओळीने बसले. संयमची आई सूरजबाई एक स्टीलची वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवली. दलीचंदांच्या, मग रिंकूच्या. मग सुपारी कातरायच्या अडकित्त्यात एक गोळी धरून त्यांनी ती नेमकी मधोमध तोडली, आणि अर्धी श्रेयाच्या जिभेवर ठेवली. पोरीने जीभ आधीच बाहेर काढली होती. संयम ओळीपुढून उकळलेल्या पाण्याचा लोटा फिरवत होता. शेवटची गोळी सूरजबाईंनी स्वतः घेतली. संयमला कुणी दिली नाही आणि त्याने मागितली नाही.

आम्ही दारात उभ्या होतो हे सगळ्यांनी बघितलं होतं. कुणी वाटी लपवली नाही. पाणी पिऊन झाल्यावर सूरजबाई उठल्या आणि आम्हाला बसायला म्हणाल्या.

मला राग आला आणि मी तो गिळला नाही. एकाला लागू पडलेली गोळी चार घरं फिरते, हे या भागात नवीन नाही. रक्तदाबाची गोळी शेजारणीला उसनी देणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. पण सात वर्षांच्या मुलीला वेडावरची गोळी? तिच्या शाळेतून तक्रार होती की पोर बाकावर झोपते आणि वहीवर लाळ गळते. एकच चिठ्ठी आळेफाटा, नारायणगाव आणि मंचरच्या दुकानांत फिरवून त्यांनी सगळ्यांपुरत्या गोळ्या जमवल्या होत्या. मी पोलिसांचं नाव घेतलं. दलीचंदांनी मान खाली घातली. सूरजबाईंनी घातली नाही.

"डॉक्टरबाई, गोळी घेतली की जिन्यावर कोणी नसतं," त्या म्हणाल्या. "न्हाई घेतली तर असतं."

दुकान किती वाजता उघडतं हे सांगावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी ते सांगितलं. मग थोडं थोडं करून बाकीचं कळलं. संयम रुग्णालयातून आला तेव्हा तो नेमाने गोळी घेत होता. त्याच दिवसांत जिन्यावर पावलं वाजायला लागली. कुणीतरी वरच्या खोलीतून निघायचं, अर्ध्या जिन्यावर थांबायचं. आधी दलीचंदांना ऐकू आलं, मग रिंकूला. मग श्रेया जिन्याकडे बघून हात हलवायला लागली. एका संध्याकाळी दलीचंदांनी चुकून संयमची गोळी घेतली आणि त्यांना काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मुद्दाम घेतली.

"आणि संयम?" मी विचारलं.

"त्याला बघता येतं, तर तो बघतो. आमाला झेपत न्हाई," सूरजबाई म्हणाल्या आणि वाटी विसळायला गेल्या.

४

वरची खोली बघायची म्हटल्यावर संयम पुढे झाला. रुपाली खालीच थांबली, श्रेयाला मांडीवर घेऊन. जिना लाकडी होता आणि अरुंद. मी अंधाराला किंवा जुन्या घरांना घाबरणारी बाई नाही, आणि अजून चांगला उजेड होता.

खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या. एक संयमची. खिडकीखालच्या दुसऱ्या खाटेवर धुतलेली चादर होती आणि उशाशी झाकण घातलेला पाण्याचा पेला. भिंतीवरच्या खुंटीला एक निळा शर्ट टांगला होता. तो पारसचा, असं संयमने सांगितलं. शर्टाला इस्त्री होती, पण कॉलर आतून मळलेली होती, दिवसभर घातल्यावर मळते तशी. संयम कधीतरी घालत असेल, असं मी धरलं. शर्ट त्याच्या मापापेक्षा बराच मोठा होता.

मी बसायला वळले तेव्हा त्याने मला खिडकीखालची खाट टाळायला सांगितली आणि स्वतःची झटकून दिली.

मी ठरलेले प्रश्न विचारले. कुणाचा आवाज येतो का, कोणी हुकूम देतं का, जिवाला धोका वाटतो का. त्याने सगळ्यांना नाही म्हटलं. तो शांत होता. असा शांतपणा मी पेशंटमध्ये क्वचित बघते, डॉक्टरांमध्ये त्याहून क्वचित.

"मी भैयाला मारलं, मॅडम," तो म्हणाला. "ते मी रोज स्वतःला सांगतो. भैया गेला. पण जो त्याच्यात बसला होता, तो गेला नाही."

"तो काय करतो?"

"काही नाही. त्याला ओळख दाखवायची. भैया म्हणून हाक मारायची, पाणी ठेवायचं, की तो इथं बसून राहतो. मी गोळी घेत होतो तेव्हा मला दिसायचा नाही, म्हणून मी हाक मारायचो नाही. मग तो खाली यायला लागला."

खाली कशाला, असं मी विचारलं. विचारताना माझा आवाज नेहमीचाच होता, मी लक्ष देऊन ऐकला.

"त्याला बसायला कोणीतरी लागतं ना," संयम म्हणाला.

तेवढ्यात खिडकीखालच्या खाटेची पट्टी वाजली. उन्हं उतरली की लोखंड आकसतं आणि जुन्या खाटा वाजतात, हे कुणालाही माहीत आहे. संयमने तिकडे मान वळवली आणि घरात कुणालाही म्हणावं तसं म्हणाला, "बस भैया, डॉक्टर आहेत." पट्टी पुन्हा वाजली. मग वाजली नाही.

मी खाली आले. जिना उतरताना मी मागे वळून बघितलं नाही, आणि त्याचं कारण एवढंच, की अरुंद जिन्यावर पायाखाली बघावं लागतं.

५

घरातल्या एकाचा भ्रम हळूहळू साऱ्या घराला लागतो, हेही पुस्तकात आहे. उपायही तिथेच आहे. मूळ माणसावर नीट इलाज करायचा, म्हणजे बाकीचे आपोआप सुधारतात. मी सगळ्यांच्या गोळ्या बंद केल्या. श्रेयाच्या तोंडात पुन्हा गोळी गेली तर मी स्वतः तक्रार देईन, असं बजावलं. आणि संयमला इंजेक्शन सुरू केलं. हे इंजेक्शन कित्येक दिवस अंगात उतरत राहतं. ते तोंडातून थुंकता येत नाही आणि दुसऱ्याला देता येत नाही.

त्याने हात पुढे केला, कारण नाही म्हटलं तर त्याला परत आत जावं लागलं असतं. सुई टोचायच्या आधी तो हळूच म्हणाला, "मला देऊ नका, मॅडम. श्रेयासाठी सांगतोय." प्रत्येक पेशंटकडे औषध न घेण्याचं कारण असतं आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या भल्याचं असतं. मी त्याला तसंच सांगितलं.

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी आपली परिणाम बघते. काही आठवड्यांतच दलीचंदांचा अंगठा थांबला. ते हसायलाही लागले. त्यांचा कंपवात कंपवात नव्हताच. रिंकूचं दूध आटलं, पाळी आली. शाळेच्या बाईंनी श्रेया वर्गात हात वर करते असं कळवलं. जिन्याबद्दल विचारलं तर सूरजबाई म्हणाल्या, आता काही ऐकू येत नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बदलला तो फक्त संयम. त्याचं अंग सुटलं, चेहरा थिजला, मनगट अडखळायला लागलं. औषध आपलं काम करत होतं. भ्रम आहे का असं विचारलं तर तो नाही म्हणायचा आणि ते खरं होतं. एकदाच तो उठता उठता थांबला.

"तो कुठंय ते मला आता कळत नाही," तो म्हणाला. "वर नाही. हाक मारली तर खाट वाजत नाही."

हे बरं झाल्याचं लक्षण आहे, असं मी त्याला समजावलं. अहवालात मी त्याला घरी राहण्यालायक लिहिलं. कोर्टाने अटी काढून टाकल्या, इंजेक्शन मात्र मी चालूच ठेवलं. दलीचंदांनी दवाखान्यात पेढे पाठवले.

६

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी माझ्याकडे श्रेयाला आणलं. रिंकूने तिला हाताला धरून आणलं होतं. मागून संयम पाय ओढत आला, पण तो आत आला नाही. मी कॉरिडॉरमधून जात असताना त्याने मला थांबवलं. त्याला बोलायला वेळ लागत होता.

"मॅडम, मला सांगा ना," तो म्हणाला. "मला ती भाभीच दिसते. ती भाभीच आहे ना?"

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आत रिंकू माझ्यासमोर ताठ बसली. मागे ही बाई पाण्याच्या बाटलीशी चाळा करत होती. आता तिचे हात मांडीवर स्वस्थ होते आणि ती सलग, मुद्देसूद बोलली. श्रेया तिच्या हातचं खात नाही. तिच्याजवळ झोपत नाही. आजीला, शेजाऱ्यांना, शाळेत सगळ्यांना सांगते की ही मम्मी नाही. काकाने काय केलं होतं आणि का केलं होतं, ते पोरीला कुणीही कधी सांगितलेलं नव्हतं. सांगताना रिंकू हसत होती, पोरांच्या खोड्या सांगताना आया हसतात तशी.

श्रेया लांबच्या खुर्चीत रुपालीला चिकटून बसली होती. मी तिला विचारलं. ती रडली नाही.

"मम्मीसारखीच आहे," ती म्हणाली. "मी मम्मी म्हटलं की नीट राहते. पण मला म्हणवत नाही."

"न म्हटलं तर?"

श्रेयाने रिंकूकडे बघितलं आणि ती रुपालीच्या आणखी जवळ सरकली.

माझं डोकं नेहमीच्या रस्त्याने चालत होतं. चुलत्याचा आजार रक्तात आहे. घरात कुजबुज झाली असेल, मुलं ऐकतात. वय फारच लहान आहे, पण अशी उदाहरणं आहेत. रिंकूच्या अंगात जुन्या गोळीचा काही अंश राहिला आहे का ते बघावं म्हणून मी तिचं मनगट हातात घेतलं.

ते अडखळलं नाही. सैलही नव्हतं. मी ते खाली वाकवलं तर ते गेलं, पण माझ्या जोराने नाही, माझ्याबरोबर गेलं. वर नेलं तर तेच झालं. काही आजारांत माणूस असा स्पर्शासरशी हलतो, त्यालाही नाव आहे. मी बोटं उचलून घेतली. मनगट हवेत तसंच राहिलं. आता डावीकडे वळवून बघू, असं माझ्या मनात आलं. मी हात लावलेला नव्हता. रिंकूचं मनगट डावीकडे वळलं.

मग मी मनात उजवीकडे म्हटलं.

मी वर बघितलं. रिंकू माझ्याकडेच बघत होती, दुसऱ्याच्या घराच्या खिडकीत उभं राहून रस्त्याकडे बघावं तशी. तिने हात मांडीवर ठेवला. बाहेरून ट्रक गेला, तावदानं थरथरली आणि थांबली. मला भीती वाटली. हे इथे लिहिते, कारण दवाखान्याच्या कागदावर ते लिहायला जागा नसते.

"तिला गोळी द्या, मॅडम," रिंकू म्हणाली. "आधी अर्धी देत होतो. आता एक द्या. म्हणजे ती मला ओळखेल."

ती चुकीचं काही बोलत नव्हती. असा भ्रम, असा घरचा इतिहास. इलाज न करता सोडलेला हा आजार काय करतो ते याच घराने भोगलं होतं. माझ्या जागी कुठलाही डॉक्टर असता तर त्याने हेच औषध दिलं असतं, आणि दिलं नसतं तर मीच त्याला जाब विचारला असता. न देण्यासाठी माझ्याकडे एकच कारण होतं. ते माझ्या बोटांना कळलं होतं आणि ते कुणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं. रुपालीने काही बघितलं नव्हतं. ती पोरीचे केस सारखे करत होती.

मी रिंकूला बाहेर पाठवून श्रेयाला विचारू शकले असते. श्रेयाला एक रात्र पुण्याला दाखल करून घेऊ शकले असते. हे सगळं मला तेव्हाच सुचलं होतं. पण समोरची बाई मला सुचायच्या आधीच मान हलवत होती, अगदी किंचित, नाही नाही म्हणून.

मी लिहिलं. नाव, वय, औषध, एक गोळी, रोज. माझं अक्षर एरवीपेक्षा चांगलं आलं.

श्रेया पेनाकडे बघत होती. "काकांना पण आता दिसत नाही," ती म्हणाली. "ही घेतली की मला पण नाही दिसणार?"

नाही दिसणार, असं मी म्हटलं. पेशंटला धीर द्यायचा माझा एक आवाज आहे, तो लागला.

"मग ती काय करते ते कोण बघणार?"

रिंकूने माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, तिची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि उठून पोरीचा हात धरला. "मी आहे ना, बाळा," ती म्हणाली.

दोघी दारातून बाहेर पडल्या. संयम भिंतीला धरून उठला आणि त्यांच्या मागे निघाला. रुपालीने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.